फाईलमधले कागद खरे होते

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, हे आधीच सांगून टाकते. वनस्पतीच्या बोलीभाषेतल्या नावावर विसंबायचं नाही, शास्त्रीय नाव बघायचं, हे दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगते. आणि जिनसेंग या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मुळाच्या नावावर मीच फसले. लिहायला वर्ष लागलं ते लाजेमुळे.

दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन नीट झालं, मग केमो सुरू झाली. तिसऱ्या सायकलनंतर त्याला असा थकवा आला की खुर्चीतून उठून दारापर्यंत जायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. झोपून उठला तरी थकवा जात नसे. डॉक्टर म्हणाले, केमोत असं होतं, थोडं चालत राहा. वहिनी हो म्हणाली, दादा हो म्हणाला, चाललं कुणीच नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांचा फोनवर एक गट होता, त्यात ती बाई भेटली. स्वतःला ‘संशोधन समन्वयक’ म्हणवायची. पहिल्या दोन फोनमध्ये तिने औषधाचं नावही काढलं नाही. दादाचे रिपोर्ट मागवले, वाचले, आणि माझ्यापेक्षा नीट समजावून सांगितले. तिसऱ्या फोनला म्हणाली, “ताई, तुम्ही शास्त्राच्या आहात म्हणून सांगते, बाकीच्यांना हे कळणार नाही. मी कागद पाठवते. वाचा, मग ठरवा.”

मला वाटतं, मी त्याच वाक्याला विकले गेले. बाकीचं नंतरचं सगळं तपशील.

कागद आले. जवळजवळ चाळीस पानांची फाईल. मी दोन रात्री बसून, पेन्सिलीने खुणा करत वाचली. नाव पडताळलं, नियतकालिक पडताळलं, सगळं खरं निघालं. कोरियातल्या कांगह्वा बेटावरचा अभ्यास होता, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. चाळिशीपुढच्या ४,६३४ लोकांची काही वर्षं नोंद ठेवली, तर जिनसेंग घेणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण कमी दिसलं. अमेरिकेतली २०१३ सालची चाचणी होती: ३६४ कॅन्सर रुग्ण, चाळीस केंद्रं, दिवसाला २,००० मिलिग्रॅम जिनसेंग, आठ आठवड्यांनी थकवा कमी. आणि आरजी३ नावाच्या जिनसेनोसाइडवरचे, म्हणजे जिनसेंगमधल्या खास रसायनांपैकी एकावरचे, प्रयोगशाळेतले निबंध. कॅन्सरच्या पेशी मरताहेत, गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या फुटायच्या थांबताहेत, असे फोटो. फोटो फार सुंदर होते. हिरव्या-लाल रंगात चमकणाऱ्या पेशी.

या फाईलमध्ये एकही कागद बनावट नव्हता. फसवणूक म्हटलं की आपण खोटा शिक्का, खोटी सही शोधतो. इथे तसलं काही सापडणारच नव्हतं. कागद खरे होते, फक्त ते पुढे आमच्या घरी आलेल्या डब्याबद्दल नव्हते.

तो थकव्याचा अभ्यासच घ्या. दादाला थकवाच होता, म्हणून मी त्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला. त्यात वापरलेलं मूळ अमेरिकन जिनसेंगचं, पॅनॅक्स क्विन्क्वेफोलियस. विस्कॉन्सिनमध्ये पिकवलेलं, नुसतं दळून कॅप्सूलमध्ये भरलेलं, अर्क न काढता. चार आठवड्यांनी खास फरक नव्हता, आठव्या आठवड्याला दिसला. आणि त्यात मोजला होता तो थकवा. गाठ लहान झाली का, आजार परतला का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. हे सगळं त्या कागदात लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं. पण फोनवर ती बाई “थकवा कमी होतो म्हणजे शरीर कॅन्सरशी लढायला लागतं” म्हणाली, आणि माझ्या डोक्यात दोन वेगळी वाक्यं एकमेकांना चिकटून बसली.

कांगह्वाचं तर आणखी सोपं होतं. ती निरोगी माणसं होती. जिनसेंग पिकवणाऱ्या भागातली, वर्षानुवर्षं ते घेणारी. ज्यांना आजार नाही त्यांच्यापैकी पुढे कमी जणांना तो झाला का, असा तो प्रश्न. आजार झालेल्या माणसाला ते देऊन काय होतं, याबद्दल तो अभ्यास एक अक्षर बोलत नाही. शिवाय जे नियमाने जिनसेंग घेतात ते खाण्यापिण्यात, तपासण्यांत, पैशाअडक्यात इतरांपेक्षा वेगळे असू शकतात. हा मुद्दा मी परीक्षेत विचारते हो! दहा मार्कांना.

त्याच कोरियन संशोधकांचा १९९५ सालचा एक अभ्यास फाईलमध्ये होता. रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या १,९८७ जोड्या. त्यात पोट, फुप्फुस वगैरे बऱ्याच कॅन्सरांचा धोका कमी दिसला, पण स्तन, गर्भाशयमुख, मूत्राशय आणि थायरॉइड यांच्या कॅन्सरशी जिनसेंगचा संबंध दिसला नाही. फाईलमध्ये नेमकं ते पान नव्हतं. मला वाटलं झेरॉक्समध्ये राहिलं असेल. पुढे कळलं, गटातल्या स्तनाचा कॅन्सर असलेल्या दोघींनाही हीच फाईल गेली होती, आणि पान त्यांच्याकडेही नव्हतं.

मग आला संमतीचा फॉर्म. आम्हाला ‘निरीक्षण अभ्यासा’त घेतलं होतं, निवडक रुग्णांपैकी म्हणून. दादाचा क्रमांक, सहीची जागा, सगळं होतं. नैतिकता समितीचं नाव नव्हतं, चाचणीचा नोंदणी क्रमांक नव्हता, प्रमुख संशोधक कोण ते नव्हतं. आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे होते. जे औषध अजून तपासायचं आहे ते रुग्णालाच विकत घ्यायला लावणारी चाचणी म्हणजे दुकान. हे आज लिहिते. तेव्हा मी वहिनीला म्हणाले, “निवडलंय त्यांनी आपल्याला.” रक्कम किती ते लिहीत नाही. दादाला अजून पूर्ण आकडा माहीत नाही.

फॉर्मवर शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा केल्यास निरीक्षणात बाधा येऊ शकते. फोनवर त्याचं भाषांतर असं झालं, “ताई, डॉक्टर मंडळी वनस्पती म्हटलं की नाकं मुरडतात. निकाल आला की आपणच त्यांना दाखवू.”

डबा आला. लाल-सोनेरी, कोरियन अक्षरं, मुळाचं चित्र अगदी माणसासारखं, हात-पाय फुटलेलं. जिनसेंगच्या चिनी नावातही माणूस आहेच, रेन्शेन. दादा पहिल्यांदा हसला. म्हणाला, “हा माझ्यापेक्षा धडधाकट दिसतोय.” गडद, कडवट अर्क होता. सकाळ-संध्याकाळ एक चमचा.

पाच आठवडे गेले. थकवा कमी झाला का? मला वाटलं झाला. दादाला वाटलं मला वाटतंय म्हणून झाला असेल. पुढच्या सायकलआधीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृतावरचा ताण दाखवणारा आकडा, चांगलंच वाढलेलं आलं. केमो पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, “घरचं काही चालू आहे का? काढा, चूर्ण, काहीही?” दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “नाही.”

माझ्याच तोंडून निघालं ते. सगळ्या प्रकरणात मला सलतं ते एवढंच, पैसे नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा डब्याची मागची बाजू वाचली. भिंग घेऊन. घटकांत ‘सायबेरियन जिनसेंग’ आणि त्याखाली शास्त्रीय नाव, एल्युथेरोकोकस सेंटिकोसस. हे जिनसेंग नाही. कूळ एकच, प्रजाती वेगळी; खरं जिनसेंग पॅनॅक्स प्रजातीचं. यात जिनसेनोसाइड नसतातच. यातली रसायनं निराळी, एल्युथेरोसाइड. सोव्हिएत संशोधकांनी महागड्या जिनसेंगला स्वस्त पर्याय म्हणून हे झुडूप अभ्यासलं आणि बाजारात त्याला जिनसेंगचं आडनाव चिकटलं. अमेरिकेत २००२ पासून कायद्यानेच जिनसेंग हा शब्द फक्त पॅनॅक्स प्रजातीसाठी राखलेला आहे. म्हणजे फाईलमधल्या चाळीस पानांतला एकही शोध आमच्या चमच्यातल्या अर्काला लागू नव्हता.

आणि खरं जिनसेंग असतं तरी? आरजी३ घ्या. ताज्या किंवा नुसत्या वाळवलेल्या मुळात ते जवळजवळ नसतंच. मूळ वाफवून लाल जिनसेंग करताना थोडंसं तयार होतं. चीनमध्ये शुद्ध आरजी३ चं कॅप्सूल केमोच्या जोडीने वापरलं जातं, पण तो एक वेगळा काढलेला, मोजलेला रेणू आहे. काचेच्या बशीत पेशींवर थेट ओततात ती तीव्रता गिळलेल्या चमच्यातून रक्तात पोहोचत नाही. जिनसेनोसाइड आतड्यातून फार थोडे शोषले जातात, आणि कुणाच्या आतड्यातले जिवाणू त्यांचं काय करतील हेही माणसागणिक बदलतं. बाजारातल्या २५ जिनसेंग उत्पादनांची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली होती. कॅप्सूलांमध्ये जिनसेनोसाइडच्या प्रमाणात पंधरा पटींचा फरक, द्रवरूपात छत्तीस पटींचा. भेसळीबद्दल तर बोलायलाच नको. जिनसेंग म्हणून खपवल्या जाणाऱ्या मुळांत आपली गुलबक्षीसुद्धा आहे.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. यकृतावरचा ताण केमोमुळेही असू शकतो, अर्कामुळेही, आता सांगता येणार नाही, म्हणाले. मग त्यांनी २०१० सालची एक नोंद सांगितली: रक्ताच्या कॅन्सरसाठी सहा वर्षं इमॅटिनिब विनातक्रार घेणारा सव्वीस वर्षांचा तरुण, एनर्जी ड्रिंकमधून जिनसेंग घ्यायला लागला आणि तीन महिन्यांत यकृत बिघडलं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम अमेरिकन जिनसेंगने कमी होतो, हेही. म्हणाले, “मी विचारतो ते ओरडायला नाही हो.”

अर्क थांबवला. काही आठवड्यांत एसजीपीटी उतरलं, केमो पुन्हा सुरू झाली. त्या बाईला मी बॅचचा तपासणी अहवाल मागितला. तिने आधी ‘दुसऱ्या टप्प्याचं तीव्र आरजी३’ सुचवलं, जास्त पैशात. मी अहवालच पाहिजे म्हटल्यावर फोन लागेनासा झाला. तक्रार केली आहे, पावती म्हणून हाती आहे तो फक्त ‘निरीक्षण अभ्यास देणगी’ असं लिहिलेला कागद.

मग मी गटात सगळं लिहिलं, लेबलाच्या फोटोसकट. बरेच जण गप्प बसले. दोघांनी मला औषध कंपन्यांची हस्तक ठरवलं. रात्री उशिरा एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर, डबा तोच, दुसरा महिना चालू. मला वाटलं ते विचारतील, हे खरंच खोटं आहे का? त्यांनी विचारलं, “मग आता तिला काय देऊ? ती रोज सकाळी चमच्याची वाट बघते.”

मी त्यांना म्हटलं, उद्या डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, तुम्ही लपवलं म्हणून ते काही बोलणार नाहीत. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते म्हणाले, “सकाळी मीच तिला सांगतो. आधी मी सांगतो.”