ब्लॉगिंग साईटचा रिव्ह्यू: लिहायला मस्त, पण पोस्ट उडवली की कारण सांगत नाहीत

मी मालवणकडचा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं), बंदरावरचे भाव, वादळात अडकलेल्या होड्या, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांचा वाद असल्या गोष्टींवर लिहितो आणि गेली काही वर्षं एकाच भारतीय ब्लॉगिंग साईटवर लिहितोय. साईटचं नाव देत नाही कारण अनुभव माझ्या एकट्याचा आहे, आणि दुसरीकडे लिहिणारे मित्र पण साधारण हेच सांगतात. हा रिव्ह्यू मुख्यतः मॉडरेशनचा आहे, म्हणजे साईट पोस्टी-कमेंटी तपासून काढते त्याचा, कारण बाकीच्या गोष्टींवर भरपूर लोकांनी लिहिलंय.

बाकीचं पटकन सांगतो. लिहायला एकदम सोपी आहे, देवनागरी सर्च नीट चालतो, पावसात नेट गेलं तरी ड्राफ्ट फोनवर टिकून राहतो, फोटो पटकन चढतात. आणि वाचक खरे आहेत, वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतचे, वर मुंबईत गेलेले चाकरमानी. याला पाचपैकी साडेचार.

आता मॉडरेशन. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी लाइट लावून मासेमारी करायला बंदी घातली. तरीपण रात्री किनाऱ्यावरून लांब उजेड दिसतात आणि रापणवाल्यांच्या जाळ्यात काय उरतं ते आम्ही रोज बघतो. त्यावर मी पोस्ट टाकली. कोणाचं नाव नाही, बोटीचा नंबर नाही, शिवी नाही. संध्याकाळपर्यंत पोस्ट गायब आणि एका ओळीचा मेसेज, की तुमच्या पोस्टमुळे समुदाय नियमांचं उल्लंघन झालंय. कुठला नियम? कुठलं वाक्य? काहीच नाही. मी तक्रार केली, माणसाने बघितलं आणि पोस्ट परत आली, ती पण न बोलता. म्हणजे चूक त्यांची होती हे त्यांना कळलं, पण तसं एक वाक्य लिहून दिलं नाही, आणि तोपर्यंत ज्या आठवड्यात त्या विषयावर चर्चा चालू होती तो आठवडा निघून गेला.

असं का होतं ते सपोर्टवाल्याने नंतर फोनवर सांगितलं. ठरावीक संख्येने रिपोर्ट आले की पोस्ट आपोआप लपते आणि मग तपासणीच्या रांगेत जाते. याचा अर्थ सरळ आहे, ज्याच्याकडे मोठा व्हॉट्सॲप ग्रुप आहे तो कोणाचंही तोंड बंद करू शकतो. गावात रिफायनरी असो, जेटी असो, देवस्थानच्या जमिनीचा विषय असो, दोन बाजू असतातच आणि ज्या बाजूकडे माणसं जास्त ती रिपोर्ट मारते. रिपोर्ट किती आले यापेक्षा रिपोर्टात तथ्य आहे का हे आधी बघायला पाहिजे, निदान जिथे कोणाच्या जिवाला धोका नाही अशा पोस्टी तपासणी होईपर्यंत दिसत राहिल्या पाहिजेत.

दुसरं, भाषा. मालवणीत एखाद्याने खाली लिहिलं, "मेल्या, इतके दिस खंय होतंस?" तर ते प्रेमाने लिहिलेलं असतं, आमच्याकडे आजी नातवाला असंच बोलते. साईटचा शब्द बघून चालणारा फिल्टर ते उडवतो. "मासे मारले" मधलं मारणं पण त्याला हिंसा वाटतं, मासेमारीच्या पोस्टवर! आणि याच साईटवर आमच्यातल्या एक ताई देवळाच्या मानपानाबद्दल लिहितात, बायकांना काही ठिकाणी बाजूला का ठेवतात याबद्दल, त्यांच्या पोस्टखाली एकाने एकदम शुद्ध, सभ्य मराठीत लिहिलं की तुमचं घर कुठे आहे ते माहीत आहे, मुलांना सांभाळा. ती धमकी तशीच राहिली, कारण त्यात फिल्टरच्या यादीतला एकही शब्द नव्हता. ताईंनी लिहिणं बंद केलं. मला याचा खरंच त्रास होतो. काही लोक म्हणतात मॉडरेशनच नको, सगळं चालू द्या, पण सगळं चालू दिलं की पहिली माणसं जी गप्प होतात ती हीच, आणि त्यांचं बोलणं पण अभिव्यक्तीच आहे ना. धमकी काढा, पत्ता टाकला तर काढा, लगेच काढा. त्यासाठी मालवणी, संगमेश्वरी, आगरी कळणारा माणूस बसवायला लागेल, शब्दांची यादी पुरत नाही.

शब्दांवरून उडवायचा प्रकार नवीन पण नाही. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या मोठ्या ब्लॉगिंग साईटने प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या आवडीनिवडीचे शब्द बघून पाचेकशे जर्नल्स बंद केली, त्यात अत्याचारातून सावरणाऱ्यांचे आधारगट होते, एका कादंबरीवर चर्चा करणारा गट होता. नंतर माफी मागून बरीचशी परत सुरू केली, पण विश्वास उडालेले लोक हळूहळू दुसरीकडे गेले. आपल्याकडे तर त्याच्या आदल्या वर्षीच, जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकल स्फोटांनंतर सरकारने मोजक्या साईटी बंद करायला सांगितल्या आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. स्वयंपाकाच्या ब्लॉगपासून कवितांपर्यंत सगळं त्यात गेलं.

आणि पालघर तर कोकणातलंच. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून आणि ते लाइक केलं म्हणून दोन तरुण मुलींना अटक झाली होती. ऑनलाईन आक्षेपार्ह लिहिलं तर अटक करू देणारं त्यावेळचं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्याच निकालात असं पण आहे की साईटने कोणाच्याही नुसत्या तक्रारीवरून मजकूर काढलाच पाहिजे असं नाही, कायद्याने तसं बंधन येतं ते कोर्टाचा आदेश किंवा सरकारची नोटीस आल्यावर. खाजगी कंपनी स्वतःचे नियम करू शकते हे मान्य, अभिव्यक्ती स्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम १९ मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, ते दाखवून कंपनीला जाब विचारणं सोपं नाही. पण मग नियम तरी उघड करा आणि कोणता लावला ते सांगा. काही संस्था आणि अभ्यासकांनी २०१८ मध्ये सांता क्लारा तत्त्वं मांडली त्यात मागणं एवढंच आहे: किती मजकूर काढला ते जाहीर करा, ज्याचा काढला त्याला कारण कळवा, आणि अपील करायला वाट ठेवा.

इथे मला पोंभुर्ल्याची आठवण येते, देवगड तालुक्यातलं, बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी. पुढे १८७८ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी वेगळा कडक कायदा आला, इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, आणि कारवाई झाली तर कोर्टात अपील पण नव्हतं. काही वर्षांत तो रद्द झाला. आजची साईट म्हणजे लिटन सरकार नाही, कोणी मुद्दाम करतंय असंही मी म्हणत नाही. पण याच साईटवर माझा भाचा इंग्रजीत त्याच विषयावर माझ्यापेक्षा तिखट लिहितो आणि त्याला कधी काही झालं नाही, मराठीत लिहिणाऱ्याला मात्र दरवेळी धाकधूक, हे बरोबर आहे का?

चांगलं पण सांगायला पाहिजे. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि मेल पानाच्या तळाशी स्पष्ट दिलंय. २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा त्यात तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत असं ठरलं होतं, आणि माझ्या बाबतीत पोच आणि निकाल दोन्ही वेळेत मिळालं. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाईन जाता येतं, ती २०२३ पासून आहे, पण आमच्याकडच्या बऱ्याच लिहिणाऱ्यांना हे माहीतच नाही आणि साईट पण आपणहून सांगत नाही. ५० लाखांवर युजर असलेल्या कंपन्यांनी आपणहून काही काढलं तर आधी लिहिणाऱ्याला कारण कळवायचं, असं त्याच नियमांत आहे. ही साईट तेवढी मोठी नाही, तरी कारण द्यायला कोणी अडवलंय?

नवीन सुरू करणाऱ्यांनी एक करा. पोस्ट गेली की लगेच मेसेजचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख ठेवा आणि चॅटवर वाद घालत न बसता सरळ तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, मराठीत केला तरी उत्तर येतं. आणि सेटिंगमधून सगळ्या ब्लॉगची एक्सपोर्ट फाइल अधूनमधून उतरवून ठेवा, ही सोय खरंच चांगली आहे, फोटोंसकट सगळं येतं आणि जोडाक्षरं मोडत नाहीत.

मॉडरेशनला पाचपैकी दोन. ताईंच्या पोस्टखालची ती कमेंट मी परत रिपोर्ट केलीय, हे लिहितोय तेव्हा ती अजून तिथेच आहे. ती काढली आणि ताईंना तसं कळवलं की मी इथे येऊन रेटिंग बदलीन.