पर्जन्यमापक, मातीची बाटली आणि आमची आठवी-नववी : नऊ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेनं एका संस्थेचा पर्यावरण-विज्ञानाचा वर्षभराचा कार्यक्रम घेतला. सहावी ते दहावीसाठी. पेटीत पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापक, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा), पाणी तपासायचं सामान, मराठी पुस्तिका आणि नोंदी भरायला मोबाइलचं ॲप. निम्मे पैसे शाळा व्यवस्थापन समितीनं दिले, निम्मे आम्ही शिक्षकांनी घातले. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातलं, रान काळं, पीक सोयाबीन-तूर. आता फेब्रुवारी सरत आलाय, पुढच्या वर्षासाठी बरेच जण विचारताहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, तक्रारी त्यांना थेट कळवल्या आहेत.

आधी पर्जन्यमापकाबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते त्याच्यामुळं. पहिल्यांदा आम्ही तो लिंबाशेजारी भिंतीवर ठोकला होता. पुस्तिकेत लिहिलंय की आडोसा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. मग मैदानात हलवला. नोंद 'स्थानिक मध्यान्हा'च्या, म्हणजे सूर्य सगळ्यांत वर येतो त्या वेळेच्या आसपास घ्यायची होती. पोरं म्हणाली, म्हणजे बारा वाजता. काठी रोवून सावली मोजली तर सगळ्यांत आखूड सावली साडेबाराला! घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, हे भूगोलात दरवर्षी शिकवतो. काठीनं ते एका दुपारीत शिकवलं. अडचण एकच, साडेबाराला खिचडीचा वास सुटलेला असतो.

पुढं हीच वेळ नडली. सप्टेंबरात एका रात्री झोडपून पाऊस झाला. आमचा आकडा ७१ मिलिमीटर, चौदा किलोमीटरवर महसूल मंडळाच्या (काही गावांच्या सरकारी गटाच्या) ठिकाणी सरकारी मापात ५८. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला तर अतिवृष्टी, आणि भरपाईचं सगळं गाडं त्याच आकड्यावर. सकाळी चार-पाच शेतकरी शाळेत हजर. "गुर्जी, लेकरांनी मोजलेलं कागदावर लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी." मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमचं माप सरकारी नाही, हे समजावता समजावता घाम फुटला. त्यावर एक म्हातारे म्हणाले, "बैलाचं एक शिंग भिजतं, एक कोरडं ऱ्हातं, हे काय आम्हाला म्हाईत नाही? पर मोजलं कुणी होतं आजवर?"

वर्गात बसून बघितलं तेव्हा एक गोची सापडली. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठची, आमची दुपारची. म्हणजे दोघांचा 'दिवस'च वेगळा. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, आणि इथं तोच कळीचा मुद्दा आहे. तेव्हापासून शाळेला लागून घर असलेली नववीतली एक मुलगी सकाळी साडेआठला पाऊस मोजते. रविवारीही, दिवाळीतही. ती गावाला गेली की वहीत शून्य लिहायचं नाही, 'नोंद नाही' लिहायचं. शून्य पाऊस आणि न मोजलेला पाऊस यांतला फरक पोरांच्या डोक्यात बसायला दोन महिने लागले. माझ्याही, खरं सांगायचं तर.

गणितही आपोआप आलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एका एकरावर ६५ मिलिमीटर पडला तर दोन लाख साठ हजार लिटरच्या वर. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आठवीतल्या एकानं हिशेब करून विचारलं, "म्हणजे सर, आमच्या दोन एकरावर एका रात्रीत पडलं तेवढंच?" मी हो म्हणालो. पुढं काय बोलावं ते सुचलं नाही.

मातीचा भाग मात्र दुसऱ्याच मुलखासाठी लिहिलेला. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवा, २४ तासांत वाळू, पोयटा, चिकणमातीचे थर दिसतील म्हणे. आमची काळी माती तीन दिवस गढूळच! चिकणमातीचे कण इतके बारीक की बसायचं नावच घेत नाहीत. शेवटी ओल्या मातीची बोटांनी पट्टी ओढून बघायची पद्धत वापरली, ती झकास. 'मृदा आर्द्रता' वाचून पोरं गप्प बसायची. वापसा (रानात पेरणी-मशागतीजोगी ओल) म्हटलं की निम्मा वर्ग बोलायला लागतो. पुस्तिकेत 'वापसा' हा शब्द एकदाही नाही, याचा मला खरंच राग आला.

टीडीएस मीटरबद्दल सावध राहा. पोरं तो घेऊन घरोघर फिरली, कुणाचं बोअर 'चांगलं' यावरून दोन घरांत धुसफूस झाली. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. नायट्रेट, फ्लोराइड, जंतू यांतलं काहीच वेगळं सांगत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, टीडीएसची ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आकडा ६०० आला म्हणून पाणी विषारी होत नाही आणि १०० आला म्हणून जंतूमुक्तही होत नाही. जंतूंसाठी पेटीत कुपी आहे, पाण्यात जंतू असले तर ती काळी पडते, पण तिला ऊब लागते. डिसेंबरात दोन दिवसांत काहीच होईना, तर एकीनं ती चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली.

फ्लोराइडचं रसायन मुदत संपलेलं आलं, बदलून मिळायला सात आठवडे लागले. ॲप रेंज गेली की भरलेली नोंद गिळून टाकतं. आम्ही ते सोडलं, जाड वही घेतली. पाचांपैकी साडेतीन गुण देईन. पर्जन्यमापक सुटा मिळत असेल तर तोच आधी घ्या.

आमच्याकडं मृगाचा पहिला आठवडा गेल्या वर्षी हुकला, शाळाच पंधरा जूनच्या सुमारास उघडते. यंदा ती मुलगी सात तारखेपासून मोजणार आहे. दुसरं माप शिवाराच्या पलीकडच्या टोकाला लावायचं ठरलंय. सप्टेंबरात सही-शिक्का मागायला आलेल्यांपैकीच एकानं स्वतःच्या बांधावर जागा दिली आहे.