मेर ब्लू बोर्डवॉक, ओटावा: एकदा तरी भर दुपारी जा

ओटावातल्या बऱ्याच मराठी लोकांना ही जागा माहीतच नाही म्हणून लिहितेय. शहराच्या पूर्वेला मेर ब्लू नावाची पीटची (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल आहे, साधारण ७,७०० वर्षं जुनी, १९९५ पासून रामसार यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. तिकीट नाही, लाकडी फळ्यांवरून १.२ किलोमीटरचा सोपा फेरा. आईबाबा साताऱ्याहून आलेत, आईचे गुडघे दुखतात तरी ती पूर्ण चालली.

सगळे सांगतात सकाळी लवकर जा. मी म्हणेन जुलैत आठवडाभर पाऊस नसेल तेव्हा दुपारी जा, कारण तेव्हा दलदल पाणी कशी घालवते ते डोळ्यांना दिसतं. ओलं असताना हिरवं-लालसर, मऊ असणारं स्फॅग्नम शेवाळ त्या दिवशी जागोजागी पांढरट पडलेलं, बाबा म्हणाले हे मेलं का गं? मेलं नाही बाबा, वाळलंय. ऊन आणि कोरडी हवा वाढली की झाडं पानांवरची छिद्रं मिटून घेतात, पण स्फॅग्नमच्या पानांना तशी छिद्रंच नसतात, त्यामुळे पाणी उडतच राहतं आणि मुळं नसली तरी दिव्याच्या वातीसारखं खालून वर चढत राहतं. वरचा थर पार सुकला की ती वात तुटते, मग तोच सुका थर खालचं पाणी धरून ठेवतो आणि पांढरा असल्यामुळे ऊनही परत फेकतो. बाबा शेतकरी, लगेच म्हणाले, "म्हणजे आच्छादनच की!" एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं.

पीट साठून आजूबाजूपेक्षा वर आलेल्या इथल्या दलदलीला नदी-ओढ्याचं पाणी मिळत नाही, जे काय ते पाऊस आणि बर्फाचं. एक मिलिमीटर उडालं म्हणजे दर चौरस मीटरमागे एक लिटर गेलं. पाणी फार खाली गेलं की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजतं आणि हजारो वर्षं साठलेला कार्बन बाहेर पडायला लागतो. म्हणूनच १९९८ पासून शास्त्रज्ञ इथे मनोऱ्यावर यंत्रं लावून वर जाणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मोजतायत. हे कळल्यावर मी कुंड्यांसाठी पीटची पोती आणणं बंद केलं, आता कोकोपीट.

सावली फार कमी, टोपी आणि पाणी न्याच, डासांचं औषध लावा, फळ्यांवरून खाली अजिबात उतरू नका. पाचपैकी पाच. ऑक्टोबरात टॅमरॅकची झाडं सोनेरी होतात तेव्हा परत जाणार आहोत, आईने परतीचं तिकीट त्यासाठी पुढे ढकललंय.