टेबल लूम घरी आणून आठ महिने झाले

आधी काय घेतलं ते सांगते. टेबल लूम, म्हणजे टेबलावर ठेवायचा हातमाग, विणायची रुंदी 24 इंच, आठ शाफ्ट (ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलणाऱ्या चौकटी), शाफ्ट उचलायला वर हाताचे लीव्हर. परराज्यातून मागवला, वाहतूक धरून 31 हजार पडले. बनवणाऱ्याचं नाव लिहिणार नाही. त्यांचं-माझं फोनवर पुरेसं बोलून झालंय.

मी टेक्स्टाइल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात माग आहेत, पण एका मागावर सहा जणींचा नंबर. एकीचा ताणा चढला की तो उतरेपर्यंत बाकीच्यांनी पॉइंट पेपरवर, म्हणजे वीण आखायच्या चौकटीच्या कागदावर, चौकोन रंगवत बसायचं. यंदाच्या प्रोजेक्टला विणलेलं आणि छापलेलं, दोन्ही कापड हवं होतं. विषय घेतला गोदाघाटाच्या पायऱ्या. पंचवटीत आजोळ असल्यामुळे रामकुंडाच्या आसपासच्या पायऱ्या लहानपणापासून पायाखालच्या. त्यामुळे वाटलं, सोपं जाईल. तर असो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पोतून खोका उतरला. इंदिरानगरला तिसरा मजला, लिफ्ट बंद. जोडणी बाबांनी केली. ते अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहेत, त्यामुळे नटबोल्ट दिसला की त्यांना उत्साह येतो. दोन तासांत माग उभा राहिला आणि पहिला खटका तिथेच उडाला. प्रत्येक शाफ्टवर हील्ड, म्हणजे ताण्याचा एकेक धागा ओवायची नेढी, फक्त 60. आठ शाफ्ट म्हणजे 480 हील्ड, म्हणजे ताण्याचे 480 धागे. मी ठरवलं होतं इंचाला 40 धागे. 480 भागिले 40, कापड झालं 12 इंच. मग 24 इंचांचा माग म्हणून पैसे कशाचे घेतले?

विकणाऱ्याचं म्हणणं, "मॅडम, एवढेच देतो सगळ्यांना." घेणाऱ्यांनी हे आधी विचारा. रुंदी, लाकूड, पॉलिश हे सगळे विचारतात, हील्ड कोणी मोजत नाही. त्यातही नुसती एकूण संख्या मोजून भागत नाही. भरणी म्हणजे कोणता धागा कोणत्या शाफ्टच्या हील्डमधून ओवायचा तो क्रम. ती सरळ असेल, म्हणजे एक ते आठ आणि पुन्हा एक ते आठ, तर सगळ्या शाफ्टवर सारखे हील्ड लागतात. माझी भरणी टोकाची होती, एक ते आठ चढायचं आणि सातपासून दोनपर्यंत उतरायचं. अशा 14 धाग्यांच्या एका फेऱ्यात पहिला आणि आठवा शाफ्ट एकेकदाच येतो, मधले सहा शाफ्ट दोनदोनदा. 15 इंच रुंदीला 43 फेरे, म्हणजे 602 धागे, आणि मधल्या प्रत्येक शाफ्टवर 86 हील्ड. माझ्याकडे 60. जास्तीचे 200 हील्ड वेगळे मागवले, ते यायला सतरा दिवस गेले. तेवढ्यात आमच्या बॅचमधल्या एकीचं ट्विलचं (तिरप्या रेघेच्या विणीचं) सँपल विणून, धुऊन, इस्त्री करून माउंटही झालं होतं.

आता कोणी न सांगणारी गोष्ट, वेळ. विणण्याचा वेळ सगळे धरतात, विणायच्या आधीचा धरत नाहीत. तीन मीटर लांबीच्या 602 धाग्यांना 2/20 चं (20 नंबरचे दोन पदर पिळलेलं) सुती सूत जेमतेम 106 ग्रॅम लागतं. मुठीत मावेल एवढी लच्छी. पण तेवढंच सूत ताण्याच्या चौकटीवर मोजून घ्यायला एक दुपार, बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळायला दोन माणसं आणि हील्डमधून, मग फणीतून (धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यातून) ओढायला पहिल्या वेळी अडीच दिवस. इचलकरंजीकडे या कामाला वहिफणी म्हणतात आणि तिथे ते काम करणारे वेगळे कामगार असतात. असणारच. माझी मान त्या आठवड्यात उजवीकडे वळत नव्हती. चारशे सातव्या धाग्याला कळलं की तीनशे बाराव्यापाशी एक हील्ड सुटलाय. आजी शेजारी पोथी वाचत होती. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "उसव गं बाई, लपणार नाही ते." उसवलं.

दुसऱ्या ताण्यापासून शहाणी झाले. जुना ताणा संपवताना पूर्ण काढत नाही. हील्ड-फणीत वीतभर टोकं ठेवते आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडते. याला सांधणी म्हणतात. सहाशे गाठी, पण टीव्ही बघत मारता येतात आणि चूक होत नाही. हळूच ओढून गाठी पुढे काढल्या की झालं. भरणी बदलायची असेल तर मात्र हा उपाय नाही.

वाया जाणारं सूतही धरा. ताण्याचं शेवटचं टोक हील्डच्या मागेच अडकतं, पुढचं टोक दांडीला बांधण्यात जातं. माझ्या मागावर दर ताण्याला सुमारे 55 सेंटिमीटर असं जातं, ताणा एक मीटरचा असो की पाच मीटरचा. एक मीटरचा चढवला तर निम्म्याहून जास्त फुकट. कॉलेजात "छोटं सँपल आहे, छोटाच ताणा घे" असं सांगतात. नका ऐकू. पाच मीटर घ्या आणि त्यावरच बाण्याचे (आडव्या धाग्याचे) रंग, सूत आणि उचल, म्हणजे कोणते शाफ्ट वर जातात ते, बदलत दहा प्रकार करा.

विणायला माग चांगला आहे, हे आधीच लिहायला हवं होतं. लीव्हरमुळे हवा तो शाफ्ट हव्या त्या जोडीने उचलता येतो. पेडलच्या मागावर पेडलला शाफ्टची जी बांधणी केली तीच उचल मिळते, इथे दर ओळीला मन बदललं तरी चालतं. डिझाइन शोधणाऱ्याला ही चैन आहे. त्याची किंमत वेगात मोजायची. धोटा (बाणा नेणारं साधन) टाका, खाली ठेवा, फणी ठोका, चार लीव्हर खाली, चार वर, पुन्हा धोटा. तासाला सात-आठ इंच झाले तर माझा दिवस चांगला. स्टोल विणून विकायचे बेत असतील तर हा माग घेऊ नका.

जुलैत पाऊस लागला आणि पाचव्या शाफ्टचा लीव्हर अडकायला लागला. लाकूड पुरतं सुकवलेलं नव्हतं, दमट हवेत फुगलं. बाबांनी पॉलिश पेपर मारून वर मेणबत्ती घासली, महिनाभर चाललं. ऑगस्टमध्ये खरी तक्रार निघाली. कापडाचा बीम अडवणाऱ्या रॅचेटची (दातेरी चाकाची) खिटी घसरायची. एक ठोका जरा जोरात बसला की ताण ढिला, आणि त्या ओळीपासून बाणा दाट. कापड उजेडासमोर धरलं की आडवे पट्टे दिसतात, काही केल्या जात नाहीत. फोन केला तर उत्तर, "वापरताना जोर दिला असेल." बाबांनी खिटी हातात घेऊन नखाने दाबून दाखवली. "अगं, हे नुसतं कापलेलं पत्र्याचं आहे, कडक केलेलंच नाही. दात खाणार नाही तर काय?" त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून जाड पोलादाची करून आणली. त्यानंतर आजवर घसरलेली नाही. घरात फिटर नसेल तर हा खर्चही धरा.

डिसेंबरात उलटा त्रास. नाशिकची कोरडी थंडी आपल्याला बरी वाटते, सुताला नाही. कापसाचा धागा ओल असताना जास्त ताकदीचा असतो, कोरडा पडला की तटातट तुटतो. मालेगावच्या मागवाल्यांना हे मी सांगायला नको. मी मागाखाली पाण्याची परात ठेवते, वर ओलं गोणपाट टाकते आणि ताण्याला पातळ खळ देते. पावसाळ्यात मात्र मैद्याची खळ दिलेला ताणा आठवडाभर मागावर तसाच ठेवू नका. मी ठेवला, हिरवट बुरशी आली.

आता डिझाइनचं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर माझ्या पायऱ्या देखण्या होत्या. चौदा चौकोन आडवे, चौदा उभे, चढत जाणाऱ्या आणि पलीकडच्या काठाने उतरणाऱ्या. मागावर त्या निघाल्या शिडीसारख्या उभ्या. चूक कुठे झाली हे कळायला मला दोन दिवस लागले आणि शेवटी साधी पट्टी लावल्यावर कळलं. ताण्याचे इंचाला 40 धागे, पण माझ्या हाताने आणि या हलक्या फणीने बाणा बसत होता इंचाला 28. म्हणजे चौदा धाग्यांची पायरी 0.35 इंच रुंद आणि अर्धा इंच उंच. पॉइंट पेपरवर प्रत्येक घर चौरस असतं, कापडावर ते चौरस असेलच असं नाही. ट्विलची रेघ 45 अंशांत हवी तर ताणा आणि बाणा इंचाला सारखे हवेत. हे पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलंय मी. चांगले गुण मिळाले होते.

त्याच कापडावर छपाई करायची होती, विणलेल्या पायरीवर छापलेली पायरी बसवून. छपाईची स्क्रीन (नक्षीची जाळी) मी मागावरच्या मापाने करून घेतली. कापड फणीत 15 इंच होतं, मागावरून उतरल्यावर 14, आणि धुऊन वाळल्यावर सव्वातेरा. छापायला घेतलं तर छापलेल्या पायऱ्या पावणेदोन इंच बाहेर, बरोबर पाच पायऱ्या. स्क्रीनचे पैसे गेले. आता क्रम पक्का आहे, विणायचं, खळ काढायची, गरम पाण्यात साबणाने धुवायचं, वाळवायचं, मग माप घ्यायचं, आणि त्यानंतर स्क्रीनवाल्याकडे जायचं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. हाताने विणलेल्या कापडावर पिगमेंट छापू नका. सोपं असतं, वाफ द्यावी लागत नाही, पण रंग चिकटवणाऱ्या बाइंडरचा थर वर बसतो आणि ज्या विणीसाठी मान मोडली ती खाली जाते. रिअॅक्टिव्ह रंग धाग्यात शिरतो, कापड मऊ राहतं. त्याचा लेप दाट करायला सोडियम अल्जिनेटच वापरा. घरात स्टार्च आहे म्हणून तो घातला तर रंग कापडाऐवजी स्टार्चशीच जोडला जातो आणि कापड कडक होतं. सोबत युरिया आणि खायचा सोडा. कॉलेजात 102 अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटांत काम होतं. घरी मी आजीच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या मोदकपात्रात जुन्या सुती कापडात गुंडाळून अर्धा तास वाफवते. झाकणाखाली जाड फडकं बांधायचं, नाहीतर वरून थेंब पडतो आणि जिथे पडतो तिथे रंग पसरतो. गणपतीत आजी मोदकपात्र शोधायला लागली तेव्हा मला ते जिन्याखालून आणून दाखवावं लागलं, निळंजांभळं. एकदा रंगाला लावलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात नाही म्हणजे नाही. रविवार कारंज्यावरून नवं आणलं, पैसे माझ्या खात्यातून.

आठ शाफ्टवर काय होत नाही तेही सांगायला हवं. साधी वीण, ट्विल, हनीकोंब, आठ धाग्यांचं सॅटिन हे सगळं होतं. चार शाफ्टवर नीट सॅटिन होत नाही, म्हणून पैशांचा प्रश्न नसेल तर आठच घ्या. पण मोर, वेल, मुनिया (पैठणीवरचा पोपट) असलं काही शाफ्टवर येणार नाही, त्याला जॅकार्ड (ताण्याचे धागे सुटे सुटे उचलणारी यंत्रणा) हवा किंवा येवल्याच्या पैठणी विणकराचा हात. ऑक्टोबरमध्ये एसटीने येवल्याला जाऊन आले. खड्डा मागावर पदर चालू होता. एका मुनियाच्या रुंदीत वेगवेगळ्या रंगांच्या किती तरी तिल्ल्या (सुताच्या छोट्या कांड्या) लोंबत होत्या. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या रंगात अडकून परत फिरत होता. पालथं कापड पाहिलं तर सुलटंच. मी माझ्या मागावर तसं करून पाहिलं, दोन इंचांची एक कमळकळी, चार संध्याकाळी. होतं, पण शाफ्टचा त्यात काही उपयोग नाही, साध्या विणीचा दोन शाफ्टचा माग पुरला असता. तिथल्या काकांनी माझ्या सँपलवर तळवा फिरवून एवढंच विचारलं, "ताण डावीकडे कमी ठेवता का?" ठेवत होते. मला दिसलं नव्हतं.

उभ्या पायऱ्यांचा प्रश्न शेवटी डिसेंबरात सुटला. आधी फणीला लोखंडी पट्टी बोल्टने लावून ती जड केली, तरी बाणा फारसा वाढला नाही. मग उलटा विचार केला, ताणाच विरळ करू. इंचाला 32 धाग्यांची फणी आणली. ताणा मोकळा झाल्यावर बाणाही दाटीने बसायला लागला, तोही 32. पायरी चौरस आली. धुतल्यावर किंचित बदलते, पण ती आता घाटाची पायरी वाटते.

नव्या ताण्याचा हिशेब करायला बसले तेव्हा गंमत लक्षात आली. 15 इंचांत 34 फेरे, 476 धागे. कडेच्या दोन शाफ्टवर 34 हील्ड पुरे, मधल्या सहांवर 68. कडेचे जास्तीचे काढून मधल्यांवर सरकवले आणि मागासोबत आलेल्या त्या 480 मध्ये सगळं बसलं, वर चार उरले. वेगळे मागवलेले 200 हील्ड सध्या आजीच्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.