बारीक प्रेशरचं गेज घेताय? पास्कल, एमएम की मिलीबार, काय सांगायचं दुकानदाराला

कुपवाड एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटचं काम असलं की हा प्रश्न आठवड्याला येतोच, डायल कुठल्या युनिटची घेऊ? विचारणारा कधी मिरजेतल्या हॉस्पिटलचा मेंटेनन्सवाला असतो, कधी साखर कारखान्याच्या बॉयलरवरचा, आणि दोघांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

आधी आकडे घ्या. १ एमएम पाणी, म्हणजे नळीत पाणी १ एमएम चढवणारं प्रेशर, कागदावर एमएमडब्ल्यूसी, = ९.८०६६५ पास्कल. १ मिलीबार = बरोबर १०० पास्कल = १०.२ एमएम पाणी. १ इंच पाणी = २५.४ एमएम = २४९ पास्कल. १ एमएम पारा = १३३.३ पास्कल = १३.६ एमएम पाणी. शेवटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण डिजिटल मीटरवर पाण्याचं एमएम आणि पाऱ्याचं एमएम एकाच बटणावर मागंपुढं येतात आणि नुसतं 'एमएम' म्हणून रजिस्टरला लिहिलं की साडेतेरा पटीचा घोळ.

बॉयलरवाल्यांनी डोळे झाकून एमएम घ्या. गाळप चालू असताना फर्नेसचा ड्राफ्ट (आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा किती कमी ते) 'वजा पाच' असंच सगळे बोलतात, आयडी फॅनच्या (धूर ओढणाऱ्या पंख्याच्या) डॅम्परला, म्हणजे झडपेला, हात घालणारा माणूसही तसाच विचार करतो, तिथं पास्कलची डायल लावली तर रात्रपाळीला वजा ५० बघून कुणीतरी फॅन कमी करणार. शिवाय एमएमचं गेज चेक करायला यू आकाराची पारदर्शक नळी, रंगीत पाणी आणि पट्टी एवढंच लागतं. फक्त यू नळी वाचताना दोन्ही बाजू बघा हो, एकीकडं पाणी ३ एमएम खाली गेलं आणि दुसरीकडं ३ वर आलं तर रीडिंग ६ असतं, एकच बाजू वाचली की निम्मं प्रेशर गायब.

ओटीला मात्र पास्कलच. एनएबीएचच्या (हॉस्पिटलना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) गाइडलाइनमध्ये ऑपरेशन थिएटरला बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कल जास्त प्रेशर सांगितलंय, ते एमएममध्ये पाव एमएम होतं, उभ्या नळीत ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आणि नुसतं युनिट बरोबर घेऊन भागत नाही, रेंज बघा. कमी रेंजच्या डायलवर बऱ्याचदा अचूकता फुल स्केलच्या (डायलवरच्या शेवटच्या आकड्याच्या) ४ टक्के लिहिलेली असते, ० ते ६० पास्कलच्या गेजवर ते २.४ पास्कल झाले, म्हणजे काटा २.५ वर असला तरी आत खरं प्रेशर आहे का नाही ते छातीठोक सांगता येत नाही. म्हणून ओटी १०-१५ पास्कलवर चालवा, नाहीतर चांगला डिजिटल घ्या. हेपा फिल्टरचं (हवेतले बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं) गेज वेगळं घ्या, नवा फिल्टर साधारण २५० पास्कल दाखवतो आणि ५०० च्या आसपास बदलायला येतो, तिथं ६० चं गेज लावलं तर काटा पहिल्याच दिवशी शेवटाला जाऊन बसंल.

मिलीबार गॅसवाल्यांचं. घरगुती एलपीजी रेग्युलेटरचं आउटलेट ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ३०० एमएम पाणी, म्हणजे जवळपास २९.४ मिलीबार, त्यामुळं बर्नरच्या कागदावर ३० मिलीबार दिसलं तर गोंधळू नका. आयसीयूतल्या व्हेंटिलेटरचं सेंटीमीटर पाणीही मिलीबारच्या इतकं जवळ आहे (०.९८) की अंदाजाला एकच धरा. इंच फक्त मशीनचं मॅन्युअल अमेरिकन असलं तरच, नाहीतर कशाला विकतचं दुखणं.

आता एमएमचे पास्कल करायला '१० नं गुणलं की झालं' हा शॉर्टकट. साइटवर चालतो, चूक २ टक्क्यांची होते आणि तेवढी बहुतेक गेजची स्वतःचीच असते. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर (गेज तपासल्याच्या दाखल्यावर) चालत नाही, ९.८०६६५ च धरा, नाहीतर गेज चांगलं असून फेल होतं किंवा उलटं होतं, जे जास्त वाईट. आणि एप्रिल-मेला सांगलीत पारा ४० वर गेला की नळीतलं पाणीही पाऊण टक्का हलकं होतं, बॉयलरला काय फरक पडत नाही पण सर्टिफिकेटला पडतो.

सगळी युनिटं बदलता येणारा डिजिटल घ्यावा का म्हणाल तर सर्व्हिसवाल्यानं घ्यावा, पॅनेलवर लावू नये, लावलाच तर युनिट लॉक करून घ्या. तिथं रीडिंग घेणाऱ्या माणसाला गुणाकार करावा लागता कामा नये, कागदावर लिमिट ज्या युनिटमध्ये लिहिलीय तीच डायलवर पाहिजे. ऑर्डरमध्ये 'एमएम' एवढंच लिहू नका, पाणी का पारा ते लिहा, रेंज लिहा, आणि ड्राफ्टसाठी असंल तर शून्य मधोमध पाहिजे तेही लिहा, कारण वजा बाजू नसलेलं गेज आलं की परत पाठवायचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.