माझ्याच फाइली मला ६,५०० रुपयांना विकल्या

सांगलीत मी घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, हँडबिलं, अधूनमधून दहाव्या-तेराव्याची पत्रकंही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या ११ वर्षांच्या फाइली एकाच कॉम्प्युटरवर, बॅकअप नाही. ही चूक माझीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन २०१९ चं, इथेच असेंबल केलेलं, प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीतला, म्हणजे विंडोज ११ ला चालणारा. तरी मशीन ११ ला चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' सिक्युअर बूटवर अडून बसलं, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीवर. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झालेले, त्यामुळे घाई. उचललं आणि दुकानात नेलं.

दुकानदाराने दोन-तीनदा क्लिक करून मान हलवली. "ताई, फाइल सिस्टीम जुनी आहे तुमची. एमबीआर. अकरा ह्याच्यावर बसतच नाही. सगळी डिस्क उडवून जीपीटी करावी लागणार."

"अहो दादा, पण माझ्या फाइली?"

"जाणार. डी ड्राइव्हसकट जाणार. पण मी रिकव्हर करून देतो ना!"

आधी सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, असं तो म्हणाला नाही, आणि मलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन मिळालं, सोबत वहीच्या कागदाची चिठ्ठी: जीपीटी फॉरमॅट १२००, डाटा रिक. ६५००, विं. ११ ओरि. लायसन्स २८००. एकूण १०,५००. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वरून लागेल" म्हणाला. मी निमूटपणे यूपीआयने पैसे दिले.

घरी येऊन कोरल उघडलं. आदल्या दिवशी अर्धवट सोडलेली पत्रिका यादीत सगळ्यात वर. मराठी टायपिंगची श्रीलिपीही जशीच्या तशी. जीव भांड्यात पडला. रात्री ओटा पुसताना मात्र डोक्यात आलं, डिस्क उडवली होती तर कोरल परत बसवलं कोणी? रिकव्हरीत फाइली परत मिळत असतील, पण इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअरं?

पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "मावशी, सी ड्राइव्ह उघड. 'विंडोज डॉट ओल्ड' असं फोल्डर दिसतंय?" दिसत होतं. जुन्या विंडोजवरच नवीन चढवलं की जुनं त्यात गुंडाळून ठेवलं जातं. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला असता तर जुनं काही उरलंच नसतं. हे फोल्डर १० दिवसांनी आपोआप निघून जातं, तेव्हा बघायचं तर लगेच बघा.

मग त्याने समजावलं. एमबीआर-जीपीटी ही फाइल सिस्टीमच नव्हे. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत; माझी एनटीएफएस, ती आधीही होती आणि आजही तीच आहे. एमबीआर म्हणजे शेताच्या मोजणीचा जुना नकाशा, जीपीटी म्हणजे नव्या पद्धतीचा; कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत एवढंच सांगणारा. नकाशा नवा काढायला उभं पीक कापावं लागत नाही. 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच आहे. ते आधी डिस्क तपासतं, मग डेटा न पुसता नकाशा बदलतं. काम मिनिटांचं. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत, तिला जीपीटी लागतं) आणि सिक्युअर बूट चालू करायचं, टीपीएम ही सुरक्षेची चिप बंद असेल तर तीही. अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य तुकडे, नकोत आणि लॉजिकल, म्हणजे एका तुकड्याच्या पोटात पाडलेलं, एकही नको. लॉजिकल असतील तर खरंच खटाटोप आहे. माझी तीनच होती, तिन्ही प्रायमरी. अर्थात मध्येच वीज गेली तर काय, म्हणून बॅकअप हवाच.

तुमची डिस्क कोणती हे बघायला दुकानात जायची गरज नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, खाली 'डिस्क ०' वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे 'पार्टिशन स्टाइल' लिहिलेली असते.

आणि ते २८०० चं लायसन्स! सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन. तिथे लिहिलंय की डिजिटल लायसन्स माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे. अस्सल विंडोज १० वरून ११ वर जाणं फुकट आहे. मशीन दुकानात देण्याआधी या पानाचा फोटो काढून ठेवा.

१२०० बद्दल माझी तक्रार नाही, तेवढं काम त्याने केलं. घाईसुद्धा नसती केली तरी चाललं असतं, कारण विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी फोल्डरचा स्क्रीनशॉट छापून दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, म्हणून मुद्दाम जरा मोठ्याने बोलले. लायसन्सचे २८०० त्याने गल्ल्यातून काढून दिले. ६,५०० वर मात्र एकच पालुपद, "मेहनत लागते हो ताई." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, आणि 'डाटा रिक. ६५००' लिहिलेली चिठ्ठी त्याच्याच अक्षरात माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.