कलामेळाव्यासाठी जागा: मंगल कार्यालय की शाळेचे पटांगण?

तालुक्याच्या गावी, लोकवर्गणीतून, दिव्यांग कलावंत आणि प्रेक्षक या दोघांनाही सोयीचा होईल असा एक दिवसाचा कलामेळावा घ्यायचा ठरले की प्रत्यक्षात दोनच जागा समोर उरतात: मंगल कार्यालय आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण. नाट्यगृह जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि सगळ्यांना तिथवर नेण्याच्या गाडीखर्चातच वर्गणी संपते, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी मेळाव्याची व्यवस्था पाहताना मी या दोन्ही जागा वापरल्या आहेत. आपल्या गावची परिस्थिती वेगळी असू शकते, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

मंगल कार्यालयाची बाजू भक्कम आहे. छप्पर, खुर्च्या, पंखे, पाणी आणि वीज गेल्यास जनरेटर हे सगळे एका पावतीत मिळते. डिझेलचे आणि साफसफाईचे पैसे बहुधा वेगळे लागतात, ते आधीच लिहून घ्यावेत. भाडे लग्नतिथींवर हलते. चातुर्मासात कार्यालये रिकामी असतात आणि मालक स्वतःहून भाव उतरवतो. तुळशीचे लग्न लागले की तोच मालक फोन उचलत नाही. पटांगणाचे गणित नेमके उलटे आहे. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक रुतते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मांडवाखाली कोणी टिकत नाही. त्यामुळे पटांगण घ्यायचे तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा एखादा रविवार पाहावा लागतो.

खर्चावरून मात्र निर्णय होईल असे मला वाटत नाही. पटांगणाला भाडे नसते किंवा नाममात्र असते, पण मांडव, खुर्च्या, साऊंड, पाण्याचे जार आणि भाड्याचा जनरेटर यांची बेरीज केली की आकडा कार्यालयाच्या आसपासच जातो, असा माझा अनुभव आहे. परवानग्यांचेही तसेच. शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना पत्र द्यावे लागते, आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात दोन्हीकडे जावेच लागते. मेळावा दिवसा असावा हे उत्तम, कारण लोकांना परतीची एसटी मिळते आणि सांकेतिक भाषेत समजावून सांगणाऱ्या व्यक्तीचे हात आणि चेहरा उजेडात नीट दिसतात.

माझ्या बाबतीत पारडे फिरले ते कार्यालयातल्या स्टेजमुळे. वधूवरांची खुर्ची शेवटच्या पाहुण्यालाही दिसावी म्हणून ते सिमेंटचे, साधारण चार फूट उंच बांधलेले असते आणि एका कोपऱ्यातून अरुंद, उंच पायऱ्या असतात. त्यांना कठडा बहुधा नसतोच. आमच्या मेळाव्यात हार्मोनियमवर बसणारे गृहस्थ चालू शकत नव्हते. कार्यालयाच्या मालकांना हे सांगितले तेव्हा ते अगदी मनापासून म्हणाले, “काळजी करू नका साहेब, आमची पोरं खुर्चीसकट उचलून ठेवतील.” पोरांनी तसे केलेही. भरल्या सभागृहासमोर चौघांनी खुर्ची उचलली, पायऱ्यांवर ती एकीकडे कलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाणे संपल्यावर उतरताना पुन्हा तोच सोहळा झाला. खाली आल्यावर ते हार्मोनियमवाले गृहस्थ एवढेच म्हणाले, “आम्हाला गायला बोलावलं होतं ना?” यावर आम्हा कोणाकडेच उत्तर नव्हते.

रॅम्प करता आला असता असे कोणी म्हणेल. रॅम्पचा सर्वमान्य उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. चार फुटांच्या स्टेजला अठ्ठेचाळीस फुटांचा रॅम्प लागेल, आणि तो टाकला तर खुर्च्यांच्या निम्म्या रांगा उचलाव्या लागतील. मांडववाले आणून देतात ती आठ-दहा फुटांची फळी इतकी खडी होते की मागून दोघांनी रेटल्याशिवाय चाक चढत नाही. म्हणजे उचलण्याऐवजी ढकलणे, एवढाच फरक.

पटांगणात हा प्रश्नच निघत नाही, कारण तिथे स्टेज लागतेच असे नाही. गोंधळ असो, भारूड असो की ओळीने बसून म्हटलेले भजन, हे प्रकार लोकांच्या मधोमध, जमिनीवरच होत आले आहेत. अर्धवर्तुळात पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या रांगांत चाकाच्या खुर्चीसाठी मधेमधे मोकळी जागा सोडली की मागच्यांनाही पुरेसे दिसते. अगदीच उंची हवी असेल तर सहा इंचांच्या पाटांना सहा फुटांचा उतार पुरतो. शिवाय आपल्याकडे खेड्यांतून पुष्कळजण हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर येतात. कार्यालयात ती सायकल फाटकापाशी, चपलांच्या ढिगाशेजारी राहते आणि माणूस हातांवर सरकत आत येतो. पटांगणात ती थेट बैठकीपर्यंत जाते. कार्यालयातली निवांत खोली म्हणजे वधूपक्षाची, आणि ती बहुधा वरच्या मजल्यावर असते. शाळेत मात्र एक वर्ग उघडा ठेवला की गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला तिथे थोडा वेळ बसवता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवले आहेत आणि आयोजकांच्या मनात त्यांपैकी एखाददुसराच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पटांगणाचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मांडवाचे दोर आणि खुंट्या नेमक्या येण्याजाण्याच्या वाटेवर येतात; दृष्टिहीन माणसाची काठी जमीन चाचपते, छातीच्या उंचीवर तिरका आलेला दोर तिला सापडत नाही. दोर मागच्या बाजूला बांधून घ्यावेत आणि साऊंडवाल्याची वायर वाट ओलांडणार नाही असे पाहावे. हिरव्या मॅटच्या घड्यांत चाक अडकते, म्हणून वाटेवर मॅट नकोच, दाबलेला मुरूम बरा. पुष्कळ शाळांत दिव्यांग मुलांसाठी वेगळे स्वच्छतागृह बांधलेले असते, पण ते कुलूपबंद तरी असते किंवा तिथे खेळाचे साहित्य आणि फुटके बाक ठेवलेले असतात. आदल्या दिवशी किल्ली हातात घेऊन, दार उघडून आणि नळाला पाणी आहे का ते स्वतः पाहूनच घरी जावे. उलट आवाजाच्या बाबतीत पटांगण सरस वाटले. पत्र्याखाली आणि फरशीवर घुमणारा आवाज श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना नकोसा होतो.

आणखी एक बाब आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शाळेच्या स्वच्छतागृहाला कठडा किंवा फाटकापासून पक्की वाट अशी मागणी त्यातून करता येते आणि केलेले काम मेळाव्यानंतरही मुलांच्या उपयोगी पडते. खासगी कार्यालयासाठी अशी मागणी करता येणार नाही.

तारीख पावसाळ्यातलीच असेल, तर मात्र कार्यालयाला पर्याय नाही. अशा वेळी बोलणी करतानाच मालकांना सांगावे की स्टेज वापरणार नाही, त्याचा पडदा ओढून ठेवा आणि पुढच्या खुर्च्यांच्या चार रांगा काढून द्या. देणगीदारांचा फलक स्टेजवर लावण्याचा आग्रह होईल. तोही खालीच, भिंतीला लावावा.